भातानं चिकटवलेली दोन पानं

आधीच सांगते, भूत, चकवा, अंगात येणं, स्वप्नात कोणी येणं... यातलं मी काहीही मानत नव्हते. तीन वर्षं झाली या ग्रुपवर आहे, पण कधी एक ओळ लिहिली नाही. लोकांचे अनुभव वाचायचे आणि मनात म्हणायचं, उचलली जीभ लावली टाळ्याला. आज स्वतः लिहायला बसले आहे. भीतीनं नाही, रागानं. राग कोणाकोणावर आहे ते पुढे येईलच. आणि खाली कमेंटमध्ये मला धर्म शिकवायला कोणी येऊ नका. इकडच्यांनी नको आणि तिकडच्यांनीही नको.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूर तालुक्यात. तुम्ही मोहर्लीच्या गेटवरून जिप्सीत बसून ज्या जंगलात जाता ना, त्याच्या उलट्या अंगाला. तुम्हाला वाघ दिसला नाही म्हणून तुम्ही हळहळता. आम्हाला तो न दिसलेला दिवस चांगला दिवस.

माझं नाव वैशाली. हे सासरचं. लग्नात तांदळाच्या ताटात बोटानं नवं नाव लिहितात, आणि त्या दिवसापासून जुनं नाव माहेरी राहतं. वीस वर्षं झाली, मला या गावात सगळे वैशालीच म्हणतात. माझी मोठी जाऊ कौसल्या. तेही सासरचंच. पण मोठ्या जावेला नावानं कोण हाक मारतं? मी तिला बाई म्हणते. तिचं माहेर आलापल्लीच्याही पलीकडे, आईवडील कधीच गेले, तिकडून कोणी येत नाही. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. मी दहावी पास.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीच्या पानांचे दिवस. पहाटे निघायचं, उन्हाच्या आत पानं तोडायची, दुपारभर घरी बसून पुडे बांधायचे. तेंदूची झुडपं कमरेएवढी, वाकूनच तोडावं लागतं, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो म्हणतात. म्हणून आम्ही बाया दोघी-दोघींनी राहतो आणि थोड्या थोड्या वेळानं 'कूऽऽ' करतो. समोरचीनं 'कूऽऽ' केलं की समजायचं, आहे. रानात नाव घ्यायचं नाही. आणि कोणी नावानं हाक मारली तर मागे वळायचं नाही, तो चकवा असतो. मी चकवा मानत नव्हते, पण सवय म्हणून पाळायची.

सकाळचे साडेसात झाले असतील. लख्ख ऊन होतं. बाई माझ्या डाव्या हाताला, वीस-पंचवीस पावलांवर. मी कू केलं, तिनं कू केलं. पुढच्या वेळी मी कू केलं आणि तिकडून काहीच नाही. मान वर केली तर झुडपावर तिचा पाय दिसला. नुसता पाय. आणि मागे पिवळं काहीतरी हललं.

मी पळाले.

ओरडले नाही. दगड उचलला नाही. ओरडले असते तर तो बिचकला असता, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तोडलेली पानं छातीशी धरून पळाले, ती टाकायचंही सुचलं नाही. आणि पळताना मागून हाक आली. माझ्या नावानं. एकदाच, अगदी स्पष्ट. मला वाटलं बाईच बोलावते आहे. तरी मी वळले नाही. नंतर मनाची समजूत घातली की रानात नावाला वळायचं नसतं, आपण रीत पाळली. कसली रीत... माझ्या पायात जीव होता आणि तिच्या नव्हता, एवढंच खरं.

नाल्यापर्यंत गेले आणि खड्ड्यात बसले. किती वेळ, माहीत नाही. मग वरच्या अंगाला वाघ हुसकायचे डबे वाजायला लागले. बाकीच्या बायांनी कू-ला उत्तर न आल्यानं माणसं बोलावली होती. डबे ऐकून मला धीर आला. नाल्याकडून ती जागा जवळ, म्हणून मी त्यांच्या आधी पोचले. तो नव्हता. बाई पडलेली. मानेवर तिचाच पदर दाबलेला होता, चार घड्या घालून, नीट. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तेवढ्यात माणसं आली.

पहिला जो आला तो म्हणाला, "पाहा रे, वैशाली हटली नाई."

मी तोंड उघडलं नाही. तेव्हा भानावर नव्हते म्हणा. पण दुसऱ्या दिवशी? आठव्या दिवशी? चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पदर कोणी दाबला होता? त्यामुळेच वाचली ही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याला लोकांनी नम्रपणा म्हटलं. बाईचा डावा हात दोन जागी मोडलेला, उजवा अंगाखाली. मग पदराला घड्या कोणी घातल्या? मी स्वतःला सांगितलं, तिनंच कसंतरी केलं असेल. पुढे विचार केला नाही. चोराच्या मनात चांदणं, जास्त विचारायला गेलं तर आपलंच उघडं पडायचं.

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात मला शाल आणि नारळ दिला. एक जण माइकवर म्हणाला, अशी जाऊ घराघरात मिळो. बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, एक हात गळ्यात बांधलेला, म्हणून दुसरा हात मांडीवर मारून टाळ्या वाजवत होती. ती शाल मी पेटीत तळाशी घातली. आजपर्यंत अंगावर घेतलेली नाही. त्या माइकवाल्याचा राग आला, टाळ्या मारणाऱ्यांचा आला, सगळ्यात जास्त बाईचा आला. एवढं काय प्रेमानं पाहायचं माणसाकडे?

तिचा आवाज गेला होता. तीन महिने नुसती माझ्याकडे पाहून हात जोडायची. पोळा झाल्यावर थोडा घोगरा आवाज आला, आणि पहिलं काय बोलली असेल? "तू माह्या डोक्यापाशी बसून होती, वैशाली. डोळ्यात रक्त गेलं होतं, दिसत नव्हतं. पण तुहा हात कपाळावर होता. तो जाईपर्यंत बसून होती." मी म्हटलं, "आराम करा बाई, गळ्याले ताण पडते."

आता पुस्तकाचं. दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर सिरोंच्याकडची एक म्हातारी होती. डिस्चार्ज मिळाला तेव्हा तिनं स्वतःजवळचं एक छोटं पुस्तक बाईच्या उशीखाली ठेवलं. येशूचं चरित्र, मराठीत, तळहाताएवढं. जाण्याआधी त्यातली एक गोष्ट तिनं बाईला सांगितली होती. बारा वर्षं रक्त जाणारी एक बाई गर्दीत मागून येते आणि त्याच्या कपड्याच्या काठाला हात लावते आणि बरी होते, ती. बाईच्या मनात ती बसली. आवाज आल्यावर मला म्हणाली, "तुले वाचता येते. रोज दुपारी थोडं वाचून दाखव."

सासूबाई कुरकुरल्या, "आता हे काय नवीन काढलं घरात?" मोठे दीर म्हणाले, "तिच्या जिवाले बरं वाटते ना? वाचू दे." झालं. जिला टाकून मी पळाले, तिला रोज दुपारी पुस्तक वाचून दाखवायचं माझ्या नशिबी आलं. मी भरभर वाचायची. संपलं की सुटले.

अवघड शब्दाला अडखळायला नको म्हणून सकाळी चुलीपाशी मी त्या दिवसाची पानं आधी वाचून ठेवायची. एक दिवस मेंढपाळाचं आलं. त्यात येशू सांगतो की खरा मेंढपाळ मेंढरांसाठी जीव देतो, पण मजुरीवर ठेवलेला लांडगा येताना पाहतो आणि मेंढरं टाकून पळतो, कारण ती त्याची नसतात.

लांडगा लिहिलं होतं. मला वाघच दिसला.

चुलीवरचा भात करपला तरी मी तिथेच बसून. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं, ज्यानं मला पाहिलं नाही, माझं गाव पाहिलं नाही, त्यानं माझी चहाडी लिहून ठेवली होती. असा संताप झाला की मी पुस्तकाशी बोलले. हो, पुस्तकाशी. म्हटलं, "तुले काय जाते बोलाले? तू होता काय तिथी?"

मग बोटावर गरम भात घेतला, चुरडला आणि ती दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकली. आमच्या लहानपणी पतंग असाच चिकटवायचो. कडा दाबून वर पाटा ठेवला. दुपारी पुढून वाचलं. बाईला काय कळणार? तिला अक्षर येत नाही.

कळलं नाही. दोन महिने कळलं नाही.

पण माझी झोप उडाली. त्या माणसाची काहीतरी खोड काढायची म्हणून मी सकाळी पुढचं पुढचं वाचायला लागले. भांडायला मुद्दा शोधत होते. सापडलं उलटंच. त्याला पकडलं तेव्हा त्याचेच लोक त्याला सोडून गेले. एक तर तलवार उपसलेला शूर, तो शेकोटीपाशी उभा राहून तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, आता या पळपुट्याला हा कसा सोलून काढतो ते पाहू.

आणि त्यानं काय केलं? मरून उठल्यावर तळ्याकाठी विस्तव पेटवला, मासे भाजले आणि त्या सगळ्यांना म्हणाला, या, जेवा. जेवण झाल्यावर त्या एकाला विचारलं, तुझं माझ्यावर प्रेम आहे का. तीनदा विचारलं. का पळालास, हे एकदाही नाही.

मला हे अजिबात पटलं नाही. चिडून म्हटलं, "असं कुठी असते? शिव्या दे ना त्याले. कानाखाली दे. मासे काय खाऊ घालते?" रोज सकाळी हेच चालायचं. नवऱ्याशी मी वीस वर्षांत एवढी भांडले नसेन. आणि एक सांगते, हसू नका. भांडताना भिंतीशी बोलल्यासारखं वाटत नव्हतं. कोणीतरी सगळं ऐकून घेतं आहे आणि उठून जात नाही, असं वाटायचं. कधी कधी मुद्दाम टाकून बोलायची, जाते का पाहू म्हणून. जात नव्हता. त्याचाही राग यायचा.

धान कापणीचे दिवस होते. सगळे बांधीत, धानाच्या शेतात गेलेले, घरी आम्ही दोघीच. मी पाणी पिऊन आले तर बाई पुस्तक हातात घेऊन अंगठ्यानं पानं सोडत होती, जशी तेंदूची सोडतो. सत्तर पानांचा पुडा असतो, आमच्या बाया डोळे मिटून अंगठ्यानं मोजतात, एक पान कमी-जास्त होत नाही. बाईचा अंगठा एके ठिकाणी थांबला. मागे गेला, परत थांबला.

"इथी दोन चिकटले, वं."

"छपाईची चूक असन," मी म्हटलं.

तिनं पान नाकाशी नेलं. "भात आहे हा."

तिनं ओल्या फडक्यानं कडा भिजवली, सावकाश नखानं सोडवलं, एक कोपरा फाटला तेवढाच. पुस्तक माझ्यापुढे धरलं. "वाच."

पळायची सोय नव्हती. डोळे गेले त्या मजुरीवाल्यावरच, तिथून वाचलं. लांडगा आला तिथे थांबले. बाई म्हणाली, "वाच ना, पुढे काय करते तो मजुरीवाला?"

"पळते," मी म्हटलं. "मी पळाली, बाई. मी तुमच्यापाशी बसून नव्हती. नाल्यात लपून होती. पदर मी नाई दाबला. डबे वाजले तेव्हा आली. शाल खोटी आहे, सगळं खोटं आहे."

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "सहा महिने तू माह्यासमोर बसून जेवली." आणि उठून आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी वाढलेलं खाल्लं नाही, स्वतःच्या हातानं घेतलं, एका हातानं. घरात कोणाला काही कळेना. पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही. आला तो पुस्तकातल्या त्या माणसाचा. चुलीपाशी बसून म्हटलं, पाहा, तुझं ऐकून खरं बोलले, काय मिळालं? मासे कुठे आहेत माझे?

पाचव्या दिवशी दुपारी बाईनं हाक मारली. "पुस्तक आण. तेच वाच, सुरुवातीपासून."

चिकटवलेलं पहिलं पान मी नीट वाचलंच नव्हतं. संतापात सरळ त्या मजुरीवाल्यापाशी डोळे गेले होते. आता वरून वाचलं. तिथे होतं की मेंढपाळ आपल्या मेंढरांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारतो आणि ती त्याचा आवाज ओळखतात.

"थांब," बाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तू नव्हती, तर मले देवकू कोणी म्हटलं?"

"कोण देवकू?"

"मी. माह्यं माहेरचं नाव. माय म्हणे तसं. कपाळावर हात होता आणि कानापाशी, देवकू, भिऊ नको, देवकू... तो जाईपर्यंत. मले वाटलं तुले कोणी सांगतलं असन. इथी हे नाव कोणालेच माहीत नाई, वैशाली. त्याइलेबी नाई." त्याइले म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना.

मी म्हटलं, "पण बाई, तुम्ही मले हाक मारली होती ना? पळून राह्यली होती तेव्हा मागून आली हाक. तुमचाच आवाज असन."

"मी कुठची हाक मारू? त्यानं आधी गळाच धरला. कू बी निंगालं नाई तोंडातून." मग तिनं विचारलं, "काय म्हणून हाक आली तुले?"

"माह्या नावानं."

"वैशाली म्हणून?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि ते निघेना. सहा महिने ती हाक कानात घेऊन फिरत होते, आणि कोणतं नाव होतं हे एकदाही मनाला विचारलं नव्हतं. आपलं जन्माचं नाव कोणी घेतलं तर माणूस थोडंच विचार करतं, हे कोणतं म्हणून? ते आपलंच वाटतं.

"इंदू," मी म्हटलं. "इंदू म्हणून आली."

बाई म्हणाली, "हे नाव मले आज माहीत पडून राह्यलं."

मग तिनं ताट वाढायला सांगितलं, आणि मी वाढलेलं जेवली.

मी बराच विचार केला आहे, तो तुम्ही परत करू नका. भास म्हणाल, तर दोघींना एकाच वेळी, दोन वेगळ्या नावांचा? चकवा म्हणाल, तर चकवा माणसाला फिरवतो, जखमेवर पदर दाबत नाही. फॉरेस्टच्या माणसांना विचारलं, तो सावज सोडून का गेला. ते म्हणाले, कधी कधी जातो, सांगता येत नाही. डॉक्टरांकडेही पदराचं उत्तर नाही. माझ्याकडे तर नाहीच. बाईनं माहेरहून आणलेली देवाची तसबीर अजून भिंतीवर आहे, आमचा देव्हाराही जागच्या जागी आहे. मी फक्त झालं ते लिहिलं. सरपंचांना जाऊन शाल परत दिली, खरं काय ते सांगितलं. आता गावात काही बाया माझ्या पाठीमागे बोलतात. बोलू दे, खरं बोलतात.

राग गेला का? नाही. रोज सकाळी चुलीपाशी बसते आणि भांडते. तिच्यापाशी बसलास ते समजलं, ती पडली होती. पण मी तर तिला टाकून पळत होते. वाघाच्या पुढ्यात एका बाईचं डोकं धरून बसलेला असताना तुला त्या पळपुटीची कशाला पडली होती? तिला कशाला हाक मारलीस, तीही मायेनं ठेवलेल्या नावानं? मी विचारलं होतं ना, तू होता काय तिथी. त्याचं उत्तर मी विचारायच्या चार महिने आधीच मिळालं होतं, आणि मी वळले नव्हते.

पुन्हा मे येतो आहे. यंदा माझी मुलगीही पानांना येणार म्हणते आहे. तिला मी सगळं शिकवलं आहे, कू कधी करायचं, वाकून किती वेळ राहायचं, दगड जवळ ठेवायचा, ओरडायचं. नावानं हाक आली तर मागे वळू नको, हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही.